ग्रॅम मोजू नका, वळचण मोजा

आमच्या स्वयंपाकघरात एक छोटा डिजिटल वजनकाटा आहे. केकसाठी हवा म्हणून मीच तो आणला. त्यावर केकचं साहित्य एकदाच मोजलं गेलं. बाकी सगळा काळ मी त्यावर खुंट्या, दोऱ्या, टॉर्च, चमचे आणि एकदा तर अर्धी संपलेली टूथपेस्टची ट्यूब मोजली आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे ज्या जमातीवर मी तोंडसुख घेणार आहे, तिचा मी अनेक वर्षं वर्गणीदार सभासद होतो. पाठीवरचं ओझं कमी केलं की डोंगर सोपा होतो, हे खरंच आहे. पण या खऱ्या गोष्टीचा आपण इतका जप केला, की ओझं कशासाठी वाहायचं असतं हेच विसरलो. माझ्यापुरतं ते विसरणं एका रात्री फार महाग पडता पडता राहिलं.

ऑक्टोबरचे दिवस. मढे घाटाच्या वरच्या अंगाला, केळदच्या अलीकडे, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खाजगी रानात आम्ही हॅमॉक बांधले होते. आम्ही म्हणजे मी आणि माझा एकोणीस वर्षांचा भाचा. त्याची ही पहिलीच खेप. पोरगा नवीन, ओझं कमी असावं, म्हणून माझा नवाकोरा, हलका, चौकोनी टार्प मी त्याला दिला. बाजू २.७ मीटर. तो कर्णावर ताणायचा, म्हणजे हॅमॉकवर पतंगासारखा बसतो. माझ्याकडे जुना, ३.३ बाय ३ मीटरचा आयताकृती टार्प होता. तो मला स्वतःलाच जरा लाजिरवाणा वाटायचा. 'मामा, तुमचा तंबूच आहे की,' असं भाचा म्हणाला, तेव्हा मी ओशाळून हसलोसुद्धा.

संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. अकराच्या सुमारास पूर्वेकडे विजा दिसायला लागल्या. आधी वारा आला, मग पाऊस. दीड तास तो सगळ्या दिशांनी पडला. मी मधून मधून ओरडून विचारत होतो, 'ठीक आहेस ना रे?' तो म्हणत होता, 'हो मामा.' मामाने दिलेल्या वस्तूखाली आपण भिजतोय, हे पहिल्याच ट्रेकला कोण सांगेल? दोन वाजता मी विचारलं, तर त्याने मलाच विचारलं, 'मामा, बूट कुठेत?' मी सांगितलं. मिनिटभराने त्याने पुन्हा तेच विचारलं. मी उठून गेलो. स्लीपिंग बॅग डोक्याकडून मांडीपर्यंत ओली, अंग थडथडत होतं, आणि बोटांना बॅगची चेन उघडता येत नव्हती.

थंडी म्हणाल तर फार नव्हती. पंधरा-सोळा अंश असतील. पण ओल्या अंगावरून वारा गेला की शरीराचं तापमान घसरायला बर्फ लागत नाही. त्याला माझ्या टार्पखाली ओढलं, ओले कपडे उतरवले, माझे कोरडे घातले, माझ्या बॅगेत कोंबलं आणि भरपूर साखर घालून चहा पाजला. अर्ध्या-पाऊण तासाने तो नीट बोलायला लागला. उजाडताच आम्ही खाली वाडीत गेलो. तिथल्या आजीने चुलीपुढे बसवलं, सगळी हकिगत ऐकली आणि म्हणाली, 'अरं, माझ्या वळचणीखाली निजला असतास तरी कोरडा राह्यला असतास की.'

त्या वाक्यावर मी बराच काळ चरफडलो. मग घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली.

कापडाचा हिशेब अगदी सोपा आहे. सिलिकॉनचा थर दिलेलं जे कापड अशा टार्पसाठी सर्रास वापरतात, त्याचं वजन चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅम धरू. २.७ मीटरचा चौकोन म्हणजे ७.३ चौरस मीटर, सुमारे ३३० ग्रॅम. ३.३ बाय ३ चा आयत म्हणजे ९.९ चौरस मीटर, सुमारे ४५० ग्रॅम. फरक १२० ग्रॅमच्या आसपास. घरी काट्यावर ज्वारीची एक भाकरी ठेवून पाहिली. जरा जाड थापलेली होती. तेवढीच भरली. म्हणजे एका भाकरीएवढं वजन वाचवून मी पोराला रात्रभर भिजवलं होतं. आणि भाकऱ्या आम्ही सहा नेल्या होत्या, त्यातल्या दोन परत आल्या.

आता त्या १२० ग्रॅममध्ये काय गेलं ते पाहा. २.७ मीटरच्या चौकोनाचा कर्ण ३.८ मीटर. नेहमीच्या अकरा फुटी हॅमॉकची दोन टोकं, ती झोळीसारखी नीट झोल देऊन बांधली, तर एकमेकांपासून साधारण २.८ मीटरवर येतात. म्हणजे प्रत्येक टोकाला टार्प अर्धा मीटर पुढे उरतो. कागदावर झकास. पण पतंगाचं टोक निमुळतं असतं. टोकापासून अर्धा मीटर आत, म्हणजे जिथे हॅमॉक सुरू होतो तिथे, आढ्याच्या प्रत्येक बाजूला कापड उरतं अर्धाच मीटर. जेमतेम हातभर. त्यात हॅमॉकमध्ये सरळ झोपायचं नसतं, तिरकं झोपायचं असतं, तरच पाठ सपाट राहते. म्हणजे डोकं मधल्या रेषेवरून एका बाजूला सरकतं आणि पाय दुसऱ्या बाजूला. आढं १.४ मीटर उंच आणि उतार ४५ अंशांचा धरला, तर डोक्यापाशी टार्पची कड जवळपास डोक्याच्याच उंचीला येते. पोटावर मात्र भरपूर छप्पर! पतंगी टार्प माणसाच्या पोटाची फार काळजी घेतो.

आयताचं तसं नाही. आढ्याच्या दोन्ही बाजूंना, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दीड मीटर कापड. त्याच ४५ अंशांत त्याची कड जमिनीपासून ३५ सेंटिमीटरपर्यंत खाली येते, म्हणजे हॅमॉकच्या बुडाच्याही खाली. उतार ६० अंशांचा केला तर दहाच सेंटिमीटर उरतात. शिवाय चारही कोपरे मोकळे असतात. ते आत दुमडून बांधले की दोन्ही तोंडांना दारं होतात. वारा कुठूनही येवो.

'वारा कुठूनही येवो' हीच सह्याद्रीतली खरी अट आहे. पतंगी टार्पचे समर्थक म्हणतात, वाऱ्याची दिशा पाहून बांधा, काही होत नाही. जुलैत हे पटण्यासारखं आहे. तेव्हा वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा, आणि चार-चार दिवस तोच. पण जुलैत घाटमाथ्यावर हॅमॉक टांगणारे किती? बहुतेक जण जातात ते ऑक्टोबरात, नाहीतर मे महिन्यात. म्हणजे नेमके परतीच्या पावसाच्या आणि वळवाच्या दिवसांत. गडगडाटी ढगातून गार हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. ढग तुमच्या पूर्वेला असला तर वारा पूर्वेचा, आणि ढग डोक्यावरून पलीकडे गेला की तोच वारा उलटा. संध्याकाळी पाहून ठेवलेली दिशा रात्री अकराला उपयोगाची नसते. सगळ्या दिशांना पाठ फिरवता येत नाही, म्हणून सगळ्या बाजूंना कापड लागतं.

आता दुसऱ्या आकड्याकडे वळू. टार्प विकत घ्यायला गेलात की वजनानंतर जो आकडा तोंडावर फेकला जातो तो मिलीमीटरचा. १५०० मिलीमीटर, ३००० मिलीमीटर. हा पावसाचा आकडा नव्हे. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला, तर किती उंचीपर्यंत ते झिरपू देत नाही, याचा तो आकडा. चाचणी चांगली आहे, खोटी नाही. १५०० च्या आसपासचं चांगलं कापड, नीट ताणलेलं आणि नीट उतार दिलेलं, आपल्याकडच्या पावसाला पुरतं. तंबूच्या तळाला जास्त आकडा हवा, कारण तिथे गुडघा टेकतो, पाणी दाबलं जातं. डोक्यावरच्या छपरावर कोण गुडघा टेकणार आहे? माझ्या भाच्याच्या टार्पमधून त्या रात्री एक थेंबही झिरपला नाही. कापड शंभर टक्के पास झालं. फक्त पाणी कापडातून न येता बाजूने आलं.

ते का आलं, यालाही हिशेब आहे. पाच मिलीमीटरचा टपोरा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने पडतो. अर्ध्या मिलीमीटरचा बारीक थेंब मात्र २ मीटरच्या आसपास. आता ताशी १८ किलोमीटरचा वारा घ्या. सायकलवाला आरामात जातो त्या वेगाचा. सेकंदाला ५ मीटर. टपोरा थेंब एक मीटर खाली येईपर्यंत अर्ध्या मीटरच्या आसपास सरकतो. बारीक थेंब तेवढ्यात अडीच मीटर आडवा जातो. म्हणून मुसळधार पावसापेक्षा घाटमाथ्यावरची झड जास्त भिजवते. मुसळधार पाऊस छपरावर पडतो, झड घरात शिरते. हे कोकणात आणि मावळात लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणूनच तिथल्या जुन्या घरांची वळचण इतकी खाली असते की आत जाताना कमरेत वाकावं लागतं. पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांनी नाहीतर गवताने बाहेरून शेकारतात ते झडीसाठी. त्या लोकांनी छप्पर किती मिलीमीटरचं आहे हे कधी विचारलं नाही. कड कुठवर येते, हे विचारलं.

आता मंडळी म्हणतील, घसरला शेवटी 'आपले पूर्वज सगळं जाणत होते' यावर. मुळीच नाही. ग्रॅमवाल्यांच्या समोर दुसरी एक फळी उभी असते आणि तिचाही मला तितकाच कंटाळा आहे. 'कसले टार्प घेऊन बसलात! आम्ही शेतातल्या ताडपत्रीवर अख्खा सह्याद्री पालथा घातला.' घातला असेल. पण त्या काळात तुम्ही बहुधा देवळात, लेण्यात किंवा कुणाच्या तरी ओटीवर झोपत होतात. त्या ताडपत्रीवर पथारी होती, छप्पर दगडी होतं. चौरस मीटरला ९० ग्रॅमची प्लास्टिकची ताडपत्री त्याच ३.३ बाय ३ मापात सुमारे ९०० ग्रॅम भरते. म्हणजे दुप्पट. वाऱ्यात ती फडफडते, गार पडली की ताठरते, आणि कडेच्या धातूच्या रिंगा ऐन वेळी उपटून येतात. रिंगेऐवजी कापडात गोल खडा गुंडाळून त्यामागे दोरी आवळली तर मात्र ती पुष्कळ टिकते. ज्याच्याकडे हजारो रुपये नाहीत त्याने हीच ताडपत्री खुशाल न्यावी. आणि माझं ऐकायचं तर छोट्या महागड्या टार्पऐवजी हीच न्यावी. पण अभिमान म्हणून नको. त्या आजीच्या घराच्या पश्चिमेला गवताच्या जागी आता निळं प्लास्टिकच बांधलेलं होतं आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. गवत दर वर्षी कापून आणावं लागतं, ते कोण आणणार? तिने वस्तू बदलली, कड तेवढीच खाली ठेवली. शिकायचंच असेल तर हे शिकावं.

कापडाबद्दलही जाता जाता. नायलॉन पाणी पितं आणि सैल पडतं. संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला नायलॉनचा टार्प पावसात तासाभराने झोल खातो, मधोमध पाणी साचतं, तणावे सुटतात. रात्री एकदा उठून ते पुन्हा ताणावे लागणारच, हे धरून चाला. पॉलिएस्टर तेवढं सैलावत नाही. आळशी माणसाने, म्हणजे आपण सर्वांनी, तेच घ्यावं. डायनीमा कॉम्पोझिट नावाचं कापड पाणीही पीत नाही आणि ताणलंही जात नाही, वजनही निम्म्याच्या आसपास. पण किंमत ऐकून झोप उडते आणि करवंदीच्या काट्याला त्याच्या किमतीची कदर नसते. इतके पैसे असतील तर तेही मोठ्या मापातच घ्या. महाग कापड घेऊन वर ते कमी घेणं हा तर दुहेरी मूर्खपणा.

मी चूक कुठे केली, हे एका ओळीत सांगायचं तर असं: मी टार्प निवडला तो संध्याकाळी सहाच्या हवेसाठी. टार्प निवडायचा असतो रात्रीच्या सर्वांत वाईट दोन तासांसाठी. चालताना १२० ग्रॅम आठ तास जाणवत असतील असं मानलं, तरी ते नुसते जाणवतात. ते वाईट दोन तास मात्र माणसाला आडवं करू शकतात. या दोन गोष्टी एकाच तराजूत घालणं हीच वजनकाट्याची लबाडी. काटा खोटं बोलत नाही, पण त्याला जे मोजता येतं तेवढंच तो सांगतो.

म्हणून कुणी विचारलं तर मी आता तीनच प्रश्न सांगतो. पहिला, टार्प बांधून हॅमॉकमध्ये तिरके झोपा आणि डोक्याच्या बाजूने हात सरळ बाहेर काढा. मनगट छपराबाहेर गेलं तर तो टार्प डिसेंबरसाठी ठेवा. दुसरा, दोन्ही टोकांची तोंडं बंद करता येतात का? तिसरा, हे सगळं तुम्हाला अंधारात, पावसात, गारठलेल्या बोटांनी पाच मिनिटांत करता येतं का? या तिसऱ्या प्रश्नाला पैसे लागत नाहीत, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही. इमारतीच्या गच्चीवर, दोन खांबांना बांधून, पाहणाऱ्या शेजाऱ्यांची पर्वा न करता दहा वेळा सराव करा. टार्प आधी बांधा, हॅमॉक नंतर. सकाळी सोडताना उलट.

आणि टार्पला जे जमत नाही ते त्याच्याकडून मागू नका. झाडावरून पाणी हॅमॉकच्या दोरीवरून ओघळत थेट कापडात येतं. छप्पर कितीही मोठं असो. छपराच्या आत, दोन्ही टोकांच्या दोऱ्यांना वीतभर सुती नाडी बांधून लोंबकळत सोडा, पाणी तिच्यावरून खाली गळून जाईल. भाच्याच्या बाबतीत हेही मी विसरलो होतो. ही नाडी काट्यावर ठेवली तर आकडासुद्धा हलत नाही. पाठीखालून जाणारा वारा टार्प थांबवत नाही, त्यासाठी खाली मॅट किंवा रजई हवीच. उघड्या सड्यावरचं एकटं झाड, वाळकी फांदी असलेलं झाड, कड्यालगतचं झाड, यांच्याखाली विजेच्या मोसमात जगातला कुठलाही टार्प कामाचा नाही. तिथे दाट रानात, सारख्या उंचीच्या झाडांत खाली सरकायचं, आणि वीज जवळ आली तर हौस गुंडाळून वाडी गाठायची.

मला मान्य आहे की जानेवारीत सह्याद्रीत पाऊस क्वचित येतो. तेव्हा दवापुरता छोटा टार्प न्या, नाहीतर काहीच नेऊ नका, चांदण्या बघा. वर्षानुवर्षं डोंगरात काढलेला, आभाळाचा रंग ओळखणारा, एकटा जाणारा माणूस पतंगी टार्पखाली ऑक्टोबर काढतो, हेही मी पाहिलं आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याला कधी उतरून जायचं ते कळतं. माझं भांडण आहे त्याची यादी नवख्याच्या हातात देणाऱ्याशी. हलकं सामान हे अनुभवाच्या शेवटी येतं. अनुभव जसा वाढतो तसं एकेक सामान घरी राहतं, कारण त्याची जागा माणसाच्या शहाणपणाने घेतलेली असते. आपण ते उलटं केलं. नवख्याच्या पाठीवरून सामान काढून घेतलं आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही. सल्ला देणारा स्वतःच्या छपराखाली कोरडा असतो. त्या रात्री मीही होतो.

भाचा पुढच्या मे महिन्यात पुन्हा आला. बहिणीने मला फोनवर फार काही सुनावलं नाही, फक्त 'या वेळी बघ जरा' एवढंच म्हणाली. आणि ते जास्त लागलं. जुना मोठा टार्प मी त्याला देऊन टाकला आणि स्वतःसाठी तसाच दुसरा आणला, पॉलिएस्टरचा. निघायच्या आदल्या रात्री सवयीने तो काट्यावर ठेवायला गेलो, तर काट्यावर बायकोने कणीक मोजायला घेतली होती. मी टार्प तसाच बॅगेत भरला.